टाकी कधीच भरत नाही

आमच्या गावाकडच्या घराबद्दल आईची एकच बढाई होती, आमची टाकी कधीच भरत नाही. संडासाची टाकी. शेजाऱ्यांची दोनदा भरली, मागच्या आळीत एकांकडे तर ऐन हळदीच्या दिवशी वर आली आणि पाहुण्यांना समोरच्यांच्या घरी पाठवायची वेळ आली, आमच्या टाकीचं मात्र सतरा वर्षं झाकण उघडलेलं नाही. बाबांनी बांधतानाच मोठी बांधली म्हणून, अशी तिची थिअरी. कोणी नवीन घर काढलं की ती त्यांना आमची टाकी दाखवायला न्यायची, म्हणजे वरची शहाबादी फरशी दाखवायची, आत काय आहे ते कोणी बघितलं होतं.

आता गंमत अशी की मी गेली अकरा वर्षं सांडपाण्याच्याच धंद्यात आहे. धायरीला राहते, पुण्यातल्या सोसायट्यांचे एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचे प्लँट, चालवायला घेणाऱ्या एका छोट्या कंपनीत केमिस्ट आहे. सकाळी सातला कुठल्यातरी टॉवरच्या बेसमेंटला उतरायचं, हवा सोडणाऱ्या ब्लोअरचा आवाज नीट येतोय का ऐकायचं, ती हवा जिथे जिवाणूंना मिळते त्या एरेशन टँकमधलं पाणी एक लिटरच्या सिलिंडरमध्ये घ्यायचं आणि तीस मिनिटं न हलवता ठेवून गाळ किती खाली बसतो ते बघायचं. गाळ चॉकलेटी असला, वरचं पाणी नितळ राहिलं आणि वास ओल्या मातीसारखा आला की दिवस चांगला. काळा पडला आणि सडक्या अंड्याचा वास आला की समजायचं रात्री लाइट गेली होती, नाहीतर पहिल्या मजल्यावरच्या काकांची झोपमोड होते म्हणून वॉचमनने ब्लोअर बंद केला होता. (हे दुसरं जास्त वेळा असतं.) मायक्रोस्कोपखाली देठावरच्या फुलासारखी वोर्टिसेला (गाळ निरोगी असला की दिसणारा एकपेशीय जीव) डोलताना दिसली की मला अजूनही बरं वाटतं. तर एवढं सगळं रोज करणाऱ्या बाईला सतरा वर्षांत एकदाही वाटलं नाही की आईला विचारावं, बाई गं, भरत नाही म्हणजे जातं कुठं?

गावाचं नाव लिहीत नाही, परत तोंड दाखवायचंय तिथे. सोलापूर रोडने दीड-दोन तास. गाव तरी कसं म्हणायचं, आता नगरपंचायत आहे, बारा-तेरा हजार वस्ती, सोमवारचा बाजार, दोन मंगल कार्यालयं, पाच मोबाईलची दुकानं, आणि वेशीवर अजून तो जुना बोर्ड, "हागणदारीमुक्त गाव". तिथेच मामा राहतो, ओढ्याकाठी त्याची अडीच एकर आणि विहीर. मामाला मी भेटले की त्याचा एक ठरलेला डायलॉग असतो, "या पुणेकर. तुम्ही वर बसून हागायचं, आम्ही खाली बसून प्यायचं."

आणि यात त्याचं चुकत काहीच नाही. आमच्या पुण्याचं सगळं मुळा-मुठेत, मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेत, भीमा उजनीत, आणि उजनीचं पाणी सोलापूरला प्यायला. शिवाय मुंढव्याला जॅकवेल, म्हणजे उपसा विहीर, बांधून नदीचं पाणी बेबी कालव्यात सोडलंय ते दौंडकडच्या शेतांना. पुण्याच्या नदीसाठी जायका या जपानी संस्थेच्या कर्जातून ११ एसटीपी, मिळून दिवसाला ३९६ दशलक्ष लिटरचे, खर्च ९९० कोटी, हे २०१६ पासून पेपरात वाचतोय. तेव्हा मी पहिल्या नोकरीत होते, आता मुलगी चौथीत आहे. त्यामुळे मामाने टोमणा मारला की मी गप्प बसते, मान खाली घालून भाकरी खाते.

२०२५ च्या जानेवारीत आमच्याकडे जीबीएसची, म्हणजे गिलाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची, साथ आली ते तुम्हाला आठवत असेल. सिंहगड रोड, तिथलंच नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, सगळा आमचाच पट्टा. रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला, पाण्याकडे बोट दाखवलं गेलं, काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबाचा जिवाणू सापडला. हातापायातली ताकद जाते म्हटल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर जो काही धुमाकूळ झाला तो विचारू नका. आम्ही महिनाभर पाणी उकळून प्यायलो, पाणीपुरीवाले बिचारे बसून राहिले. तेव्हा मामाचा फोन आला होता, काळजीने. "इकडे ये पोरीला घेऊन, आपल्या विहिरीचं पाणी आहे." मी म्हटलं येते. गेलेही. पंधरा दिवस आम्ही मामाच्या विहिरीचं पाणी न उकळता प्यायलो. हे लक्षात ठेवा.

मार्चमध्ये भाच्याचं बारसं होतं, आईकडेच. घरात चाळीस-पन्नास माणसं. दुपारी जेवणं चालू असताना वहिनी हळूच कानाशी आली, "ताई, संडासातलं पाणी खाली जात नाहीये." मी जाऊन बघितलं तर भांडं काठोकाठ. आईचा चेहरा असा झाला की जणू घरात चोरी झाली. पहिलं वाक्य काय, तर "कोणीतरी आत काहीतरी टाकलं असणार." आणि दुसरं, "ॲसिडची बाटली आण." मी म्हटलं थांब, ॲसिड नको, आतले जिवाणू आधीच अर्धमेले असतील.

गावातल्या प्रत्येक दुसऱ्या भिंतीवर पिवळ्या रंगात "सेप्टिक टँक साफ करून मिळेल" आणि खाली मोबाईल नंबर, हे मी लहानपणापासून वाचतेय, फोन पहिल्यांदा केला. एका खेपेचे अडीच हजार, टाकी जुनी असेल तर दोन खेपा लागतील, उद्या सकाळी येतो. आला सकाळी, ट्रॅक्टरच्या मागे तीन हजार लिटरचा टँकर, त्यावर पंप, जाड हिरवा पाइप, एक ड्रायव्हर दादा आणि एक पोरगा, विशीतला असेल, पायात स्लीपर, हातात काही नाही.

पहारीने फरशी उचकटली. सतरा वर्षांत पहिल्यांदा आमची टाकी उघडली आणि मी वाकून बघितलं, जसं सगळे बघतात. वर हातभर जाडीचा राखाडी थर, भेगा पडलेला, त्यावर चक्क हिरवं काहीतरी उगवलेलं. दादाने बांबू घातला तर तो थर फोडून आत गेला आणि मग गेलाच नाही. मध्ये पाण्याचा थर जेमतेम वीतभर, त्याखाली सगळा गाळच. आई शेजारी पदर नाकाला लावून उभी. "एवढं होतं होय आत?"

मग मी तिला समजावलं, आणि मला उदाहरण पण कुठलं सुचावं, लोणी कढवायचं. म्हटलं बघ, लोणी कढवलंस की वर फेस, मध्ये तूप, खाली बेरी. टाकीत तसंच. तेलकट हलकं ते वर, जड ते खाली, मधलं पाणी पलीकडच्या पाइपातून बाहेर. "शी! तुपाचं नको सांगूस," असं म्हणून ती आत गेली, पण पाच मिनिटांनी परत आली, कारण तिला कळलं होतं की मधलं पाणी बाहेर जातं म्हणजे कुठेतरी जातं.

तर ज्यांच्या घरी टाकी आहे आणि "भरत नाही" त्यांच्यासाठी सांगते. सेप्टिक टँक वापरायला लागल्यावर थोड्याच दिवसांत भरते आणि मग ती कायम भरलेलीच असते. आत एक बादली गेली की पलीकडून एक बादली बाहेर पडते, तिचं कामच ते आहे. मधल्या वेळात जड मैला खाली बसायचा आणि हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंनी तो थोडाफार कुजवायचा, बस्स. नवीकोरी, नीट बांधलेली टाकीसुद्धा घाण अर्धीच कमी करते, त्यामुळे बाहेर पडणारं पाणी शोषखड्ड्यात नाहीतर पुढच्या प्रक्रियेला जायला पाहिजे, उघड्या गटारात नाही. आणि खाली बसलेला गाळ दोन-तीन वर्षांनी काढायला पाहिजे. माणशी वर्षाला साधारण पस्तीस-चाळीस लिटर गाळ धरा, आमच्या घरात पाच माणसं, सतरा वर्षं, करा गुणाकार. तीन हजार लिटरच्या घरात जातो. आमची टाकी चार हजाराची. म्हणजे गेली कित्येक वर्षं आमची टाकी ही टाकी नव्हतीच, नुसता एक जाड पाइप होता, या टोकाने गेलेलं त्या टोकाने तसंच बाहेर. बाहेर म्हणजे मागच्या गटारात, जिथे आमचं लहानपण लगोरीचा चेंडू शोधण्यात गेलं.

बढाई मारावी अशी गोष्ट होती ती.

पंप सुरू झाला, पहिली खेप गेली, दुसऱ्या खेपेला तळाशी हातभर घट्ट गाळ राहिला, पाइप ओढेना. तर तो पोरगा सहज शर्ट काढून म्हणाला, "उतरतो ताई, खोऱ्याने सैल करतो, दोन मिनिटांचं काम." आणि टाकीच्या काठावर बसून पाय आत सोडले पण. मी अशी ओरडले की घरातलं बाळ उठलं. त्याला काय माहीत असणार, आजवर दहा वेळा उतरला असेल आणि वर आला असेल. पण तो सडक्या अंड्याचा वास आहे ना, हायड्रोजन सल्फाइड, त्याची हरामखोरी अशी की कमी असताना वास येतो आणि जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास बंद झाला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच पडतो, मग त्याला काढायला दुसरा उतरतो, तो पण पडतो. पेपरात दर दोन-तीन महिन्यांनी जी बातमी असते ती अशीच असते, दोघं नाहीतर तिघं. २०१३ पासून यावर कायद्याने बंदी आहे, सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली, पण आमच्या गल्लीत तो पोरगा पाय सोडून बसला होता तेव्हा त्याला अडवायला फक्त मी आणि बारशाला आलेल्या दोन मावश्या होतो. म्हटलं राहू दे तो गाळ. खरंच राहू द्यायचा असतो थोडा, विरजण म्हणून, नव्याने जिवाणू वाढायला मदत होते. टाकी फिनाइलने धुऊन लख्ख करायची नसते. हे ऐकून आईला आमच्या शिक्षणाबद्दल शंका आली असावी.

पैसे देताना मी सहज विचारलं, दादा, सोडता कुठं हे? तो म्हणाला, "ओढ्याला."

म्हटलं कुठल्या ओढ्याला, तर म्हणे बायपासच्या पुलाखाली. मी मामाची ॲक्टिव्हा घेतली आणि दुसऱ्या खेपेच्या मागे गेले. पूल आला, त्याने ट्रॅक्टर मागे घेतला, व्हॉल्व्ह फिरवला आणि आमच्या घरातलं सतरा वर्षांचं, आजीच्या आजारपणापासून माझ्या बाळंतपणापर्यंतचं सगळं, काळं, धो धो ओढ्यात. मार्चमध्ये ओढ्याला पाणी किती असणार, पायाचे घोटे बुडतील एवढं. ते पण गटाराचंच. आमच्या धंद्यात नेहमी सांगतात की अशी पाच हजार लिटरची एक गाडी उघड्यावर सोडली की पाच हजार माणसं उघड्यावर बसल्यासारखं आहे. वेशीवर बोर्ड हागणदारीमुक्तचा आणि पुलाखाली एका दिवसात तीन-चार हजार माणसांइतकं काम करून दादा बिडी पेटवत होता.

मी चिडून काहीतरी बोलले त्याला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच सांगा, कुठं सोडू?"

मला उत्तर नव्हतं. पुण्यात असते तर ऐटीत सांगितलं असतं, एसटीपीला न्या. इथे कुठलं सांगू? कचरा डेपोवर सोडलं तर तिथले हाकलतात, कोणाच्या शेतात सोडलं तर मार खायची वेळ. आणि पुलावरून समोर बघितलं तर ओढा वळण घेतो तिथे चिंचेचं झाड, झाडापलीकडे मामाची विहीर.

माझ्या बॅगेत एचटूएसच्या बाटल्या असतातच, त्या छोट्या काचेच्या, आत माध्यम लावलेली पट्टी असते. पाणी भरून ठेवायचं, चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत काळं पडलं तर पाण्यात मैल्याचा अंश असण्याची शक्यता दांडगी. फार बारीक टेस्ट नाही, पण गावाकडे तेवढी पुरते. मामाच्या विहिरीतून दोन भरल्या, आईच्या नळाची एक, आणि रविवारी रात्री धायरीला येऊन किचनच्या ओट्यावर गॅसच्या बाजूला ठेवल्या, तिथे उबदार राहतं म्हणून. सकाळी डबा करायला उठले तेव्हा मुलगी ओट्याशी उभी. "आई, यात कोणी कोक भरला?" विहिरीच्या दोन्ही काळ्याकुट्ट. नळाची तशीच पांढरी.

जानेवारीत आम्ही जीबीएसला भिऊन ज्या विहिरीचं पाणी प्यायला गेलो होतो ती ही विहीर.

मामाला फोटो पाठवला. त्याने आधी अंगठा पाठवला, त्याला वाटलं असेल काहीतरी चांगलं आहे. मग फोन केला. मी सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प, आणि मग म्हणतो, "म्हणजे हे पुण्याचं नाही?" म्हटलं नाही मामा, ओढा पुण्याहून येत नाही, ओढा आपल्या गावातून येतो. मग म्हणाला, "तुझ्या आईच्या टाकीचं आहे म्हण की." आता तिच्याशी पण बोलत नाही की काय अशी मला भीती वाटली, पण त्याने दुसऱ्या दिवशी पन्नास रुपयांची ब्लिचिंग पावडर आणली आणि मला फोन करून किती टाकायची ते विचारलं. एवढा समजूतदारपणा मला नसता जमला.

त्यानंतर मी नगरपंचायतीत गेले. तिथला इंजिनियर तरुण आहे, चांगला आहे, चहा पण पाजला. त्याच्याकडे उत्तर तयार होतं, एसटीपीचा प्रस्ताव पाठवलाय, भुयारी गटारही मंजूर होईल. मी म्हटलं किती क्षमतेचा? तर पुस्तकातला हिशोब, माणशी १३५ लिटर, त्याच्या ऐंशी टक्के सांडपाणी, तेरा हजार माणसं, म्हणजे दिवसाला चौदा लाख लिटरच्या आसपास. म्हटलं साहेब, आपल्याकडे नळाला पाणी दिवसाआड येतं, १३५ लिटर आणायचं कुठून? एवढ्या कमी पाण्यावर भुयारी गटारातून मैला वाहत नाही, मध्येच बसतो. आणि समजा प्लँट बांधला, तरी प्लँट म्हणजे नुसती टाकी आणि मोटर नसते हो. आत जिवंत जिवाणू असतात, त्यांना रोज खायला लागतं आणि चोवीस तास हवा लागते. चार दिवस लाइट गेली, पाणी आलं नाही, की मेले. मग पुन्हा कुठूनतरी गाळ आणून विरजण लावा आणि तीन-चार आठवडे थांबा. मी हे पगार घेऊन करते, महिन्याला लाइटबिल भरणारी सोसायटी असते मागे, तरी निम्म्या ठिकाणी रडारड असते. शेजारच्या एका गावात बांधलेला प्लँट मी बघितलाय, उद्घाटनाचा दगड चकचकीत आणि एरेशन टँकमध्ये बेडूक. कारण काय, तर गावातलं गटारच त्याला जोडलेलं नव्हतं, आणि बांधायला निधी होता, चालवायला नव्हता. बांधायचा निधी वरून येतो, ऑपरेटरचा पगार गावाला द्यावा लागतो, एवढा साधा मामला आहे.

न्हाणीचं, मोरीचं पाणी आहे ते एवढं अवघड नाही. घराघराला शोषखड्डा होऊ शकतो, मराठवाड्यातल्या नांदेड जिल्ह्यातल्या गावांनी ते करून दाखवलंय, गटारं आटली, डास गेले. जिथे जागा नाही तिथलं गटार ओढ्याला मिळतं त्या तोंडाशी खडी भरून कर्दळ आणि पाणकणीस लावायचं, नागपूरच्या नीरीचं फायटोरिड त्याच तत्त्वावर चालतं, वीज जवळजवळ लागतच नाही. इंजिनियर हे सगळं लिहून घेत होता. मी म्हटलं पण हे सगळं नंतर, आधी मला सांगा की त्या ट्रॅक्टरने टाकी कुठे रिकामी करायची. तो पेन खाली ठेवून म्हणाला, "मॅडम, तो आमच्याकडे रजिस्टरच नाही."

मग मी सुट्टी काढून वाईला जाऊन आले. नवरा म्हणाला सगळे वाईला ढोल्या गणपतीला जातात, महाबळेश्वरच्या वाटेवर थांबतात, तू मैला बघायला चाललीस. पण वाईने जे केलंय ते आपल्या लोकांना माहीतच नाही. तिथे भुयारी गटार नाही, आमच्यासारख्याच टाक्या. त्यांनी २०१८ पासून असं ठरवलं की लोकांनी टाकी तुंबल्यावर फोन करायची वाटच बघायची नाही, आळीआळीने क्रम लावायचा, दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी एकदा रिकामी करायची, पैसे स्वच्छता करातून. आणि ती गाडी जाते ती मैल्यासाठीच बांधलेल्या प्लँटवर, दिवसाला ७० हजार लिटर क्षमतेचा, घट्ट गाळ वेगळा काढून वाळवतात आणि भाजून त्याचा कोळशासारखा चुरा करतात. सिन्नरनेही अशीच तीन वर्षांची पाळी लावली. इतकं भारी यंत्र नसलं तरी चालतं म्हणा, वाळू-खडीचे वाफे केले, त्यात फूटभर मैला सोडला तर उन्हात काही दिवसांत तडे पडून वाळतो, खालून झिरपलेलं पाणी वेगळं घेऊन वनस्पतींच्या वाफ्यातून काढायचं. आपल्याकडे ऊन काय कमी आहे. मला तिथे सगळ्यात आवडलं ते हेच की कोणालाही फोन करावा लागत नाही. लाज वाटायचा प्रश्नच येत नाही, घंटागाडीसारखी पाळी येते.

परत येताना मला देहूचे डॉ. मापुसकर आठवत होते. सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून देहूला गेले आणि औषधं देऊन जंत-जुलाब थांबत नाहीत हे कळल्यावर आयुष्यभर संडासांच्या मागे लागले, संडासाला जोडलेला बायोगॅस, मलप्रभा, घरोघरी बसवायला लावला. २०१७ ला पद्मश्री मिळाली, ती मरणोत्तर. त्यांच्या आधी कोकणात अप्पा पटवर्धन, कणकवलीच्या गोपुरीत, मैल्याचं खत करून दाखवत होते. आपल्या भाषेत त्याला सोनखत म्हणतात. असा शब्द असलेल्या भाषेतली माणसं आपण, आणि ट्रॅक्टर जातो पुलाखाली.

आता सध्या काय चाललंय ते सांगते, फार मोठं काही नाही. मामाचा माळावर अर्धा एकर पडीक तुकडा आहे, मुरमाड, विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, चढावर. तिथे जेसीबीने तीन फुटी चर मारून घेतले. गाडी आली की चरात दोन फूट सोडायचं, लगेच वरून माती ओढायची, कुंपण घातलंय, आणि वर्षभराने त्यावर बांबू लावायचा विचार आहे, भाजी अजिबात नाही. हे काही आदर्श नाही, मला माहितीये, पावसाळ्यात ते बंदच ठेवावं लागतं आणि वीस-पंचवीस घरांपलीकडे झेपणार नाही. पण ओढ्यापेक्षा बरं. ड्रायव्हर दादा तयार झाला, फक्त चार किलोमीटर जास्त पडतात म्हणून खेपेला चारशे रुपये डिझेलचे वर मागतो, जे रास्त आहे. त्या पोराला मी गमबूट आणि ग्लोव्हज दिले, ग्लोव्हज घालतो, बुटांनी घाम येतो म्हणतो. आत्तापर्यंत सात घरं झाली. आठव्या घरचे म्हणाले, आमचं पण चरातच टाका पण ते चारशे नगरपंचायतीकडून घ्या. नववे म्हणाले, आमची टाकी भरतच नाही.

इंजिनियरने मध्यंतरी फोन केला होता, डेपोशेजारी वाफ्यांसाठी जागा बघतोय म्हणाला, येऊन एकदा बघाल का. बघून आले, जागा सखल आहे, पावसात पाणी साठेल, दुसरी बघायला सांगितलंय.

आणि आईने काय केलं, टाकीचा आतला तुटका टी-पाइप बदलून फरशी परत बसवल्यावर तुळशीवृंदावनाचा उरलेला लाल ऑइलपेंट आणला आणि लोणच्याच्या बरणीवर लिहिते तसं त्या फरशीवर ठळक लिहिलं, "मार्च २०२५. पुढची मार्च २०२८." शेजारच्या काकू दोनदा येऊन विचारून गेल्या, घर विकायला काढलंय का म्हणून.